स्पेनचे अराज्यवादी डॉक्टर: मोकळीक की नवी शिस्त?

रानवारा:
व्हॅलेन्सियाचं 'एस्तुदिओस' मासिक (१९२८-३७) बघा. इसाक पुएन्ते, फेलिक्स मार्ती इबान्येस, अम्पारो पोच या अराज्यवादी, म्हणजे राज्यसत्ताच नको म्हणणाऱ्या, डॉक्टरांनी शरीरसुखाला मूल होण्यापासून वेगळं काढलं. २५ डिसेंबर १९३६ चा कातालोनिया या स्पेनच्या स्वायत्त प्रांताचा, गर्भपाताला मुभा देणारा हुकूम त्यातूनच आला. तेव्हा तिथल्या आरोग्य खात्याचे महासंचालक मार्ती इबान्येसच होते. बारा आठवड्यांपर्यंत, मान्यताप्राप्त रुग्णालयात, बाईच्या मागणीवर. रशियानं त्याच वर्षी जूनमध्ये गर्भपातावर पुन्हा बंदी घातली होती!

तिरकस:
पण हुकुमात गर्भपाताची कोणती कारणं दिलीत, ती वाचलीत का? वैद्यकीय, सुप्रजननाचं (संतती 'सुधारण्याचं'), नव-माल्थसवादी (मुलांची संख्या आटोक्यात ठेवण्याचं) आणि नैतिक. दुसऱ्या कारणात 'चांगली' संतती कोणती, हे शेवटी डॉक्टरच सांगणार. समलिंगींना शिक्षा नको, असं मार्ती इबान्येस म्हणाले खरे. पण जन्मजात प्रवृत्ती वेगळी आणि हौसेनं पत्करलेली विकृती वेगळी, असे कप्पेही त्यांनीच पाडले. कबुलीजबाब ऐकायला पाद्र्याऐवजी डॉक्टर बसला, एवढंच.

जाई_जुई:
सुप्रजनन तेव्हा डाव्या-उजव्या सगळ्यांच्याच तोंडी होतं. जर्मनीनं १९३३ मध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. इथे सक्ती कुठे दिसते? आणि पोचबाईंचं नाव घेऊन दोघंही पुढे सटकलात. १९३२ मध्ये त्यांनी बायकांच्या लैंगिक जीवनावर पुस्तिका लिहिली. १९३६ मध्ये 'मुखेरेस लिब्रेस' (मुक्त स्त्रिया) ही अराज्यवादी बायकांची संघटना उभारणाऱ्या तिघींपैकी त्या एक. प्रेम आटल्यावरही माणसं बांधून ठेवणारं लग्न, चर्चमधलं असो वा नोंदणीचं, त्यांना मान्य नव्हतं. हे पुरुष डॉक्टरांच्या सल्ल्यांपेक्षा बरंच पुढचं आहे.

तिरकस:
सक्ती नव्हती, मान्य. पण हुकूम वापरला किती जणींनी? फार थोड्या. बरेच डॉक्टर आणि सुईणी राजी नव्हत्या. रुग्णालयात नाव नोंदवण्यापेक्षा बायकांना जुनी चोरवाट बरी वाटे, आणि जीव जायचा तो तिथेच. त्यात उपचाराची गरज सोडली, तर वर्षातून एकदाच परवानगी. ही कसली मोकळीक?

रानवारा:
एकदाच, कारण हुकुमाचा हेतू गर्भपात वाढवण्याचा नव्हताच. गर्भ राहूच नये म्हणून संततिनियमनाची माहिती द्यायची, हा खरा मार्ग. आणि १९२८ च्या दंडसंहितेनं तर त्याचा प्रचारही गुन्हा ठरवला होता. ती संहिता १९३१ मध्ये गेली, म्हणजे उघडपणे बोलायला १९३६ च्या यादवी युद्धापूर्वी पाचच वर्षं मिळाली. पुएन्तेंना १९३६ मध्येच बंडखोर जनरल फ्रँकोच्या बाजूच्या लोकांनी ठार केलं. जानेवारी १९३९ मध्ये कातालोनियाची राजधानी बार्सिलोना फ्रँकोच्या हाती पडलं, की हुकूमही गेला. भर युद्धात, दोन वर्षांत, सुईणींचं मन वळवून दाखवा बघू.