रीजन्सी काळातला बॉल गाऊन कोल्हापुरात शिवून मिळेल का?

शिवणवेडी, राजारामपुरी

नमस्कार मंडळी. माझी धाकटी जाऊ इंग्लंडात असते. सप्टेंबरात तिकडे बाथ शहरात जुन्या पोशाखांतला बॉल, म्हणजे नाचाचा समारंभ, आहे आणि आम्ही दोघींनी जायचं पक्कं केलंय. काळ साधारण १८१० चा, त्यालाच रीजन्सी म्हणतात, आणि पोशाख त्याच काळातला हवा असं तिकिटावर स्पष्ट लिहिलंय. तिकडे भाड्याने घ्यायचा तर हिशेब पौंडांत, म्हणून इथेच शिवून न्यावा म्हणते.

नेहमीच्या ब्लाऊजवाल्या मास्तरांना चित्र दाखवलं. ते म्हणाले, "वहिनी, हा तर छातीखाली जोड दिलेला मॅक्सी. मागं चेन लावतो, आत कॅनकॅन घालतो, शनिवारी घेऊन जावा." तेव्हापासून मला शनिवारचीच धास्ती बसलीय. कापड कुठलं घेऊ, आत काय घालायचं असतं आणि मास्तरांना नेमकं काय सांगू? हातशिलाई मला बरी येते.

रंकाळ्याकाठचा

शनिवारी मिळतोय तर घ्या की वैनी! चेन पाठीमागं हाय, कोण बघतंय?

जुनी शिवणकरीण, मंगळवार पेठ

दादा, त्या गाऊनची सगळी करामत पाठीतच असते. समोरून तो कुणालाही जमतो.

शिवणवेडी, मी हौशी नाटकवाल्यांचे कपडे शिवते आणि या घाटाचे गाऊनही शिवलेत. मास्तरांना अजून कापड देऊ नकोस. आधी आतलं शीव. अंगालगत सुती शमीज, त्यावर त्या काळचा आखूड कॉर्सेट. कंबर आवळायचा तो प्रकार नव्हे हो, याचं काम छाती उचलून धरणं एवढंच. पोलादी पट्ट्या लागत नाहीत. दोन पदरी जाड सुती कापडात शेजारी शेजारी टिपा मारायच्या आणि मधल्या बोगद्यांतून सुती दोरी ओवायची, चांगला ताठपणा येतो. गाऊनची मापं हा कॉर्सेट घालूनच द्यायची. नेहमीच्या ब्रावर मापं दिलीस की छातीखालचा जोड दीड-दोन इंच खाली उतरतो, आणि मग मास्तर म्हणतात तो मॅक्सीच होतो.

परकरही आपला नाडीचा चालणार नाही. कंबरेवर नाडी आवळली की मलमलीतून ती गाठ आणि फुगवटा दिसतो. परकराला वर आखूड चोळी जोडायची, म्हणजे तो खांद्यावरून लोंबतो. कॅनकॅनला तर हातच लावू देऊ नकोस. फुगलेला घेर पुढच्या पिढ्यांचा, पोलादी कड्यांचा पिंजरा १८५६ च्या सुमारास आला. १८१० च्या बायकांना ग्रीक पुतळ्यांसारखं दिसायचं होतं. घेर अडीच मीटरच्या आसपास, पुढून सपाट, आणि सगळ्या चुण्या पाठीच्या मधोमध.

आता पाठ. मागचा मधला तुकडा कंबरेकडे निमुळता होत जातो. खांद्याची शिवण खांद्यावर नसते, मागे सरकलेली असते. मुंढा मात्र लहान आणि काखेत चपखल बसणारा हवा. इथे मास्तर नक्की भांडणार. त्यांना वाटतं मुंढा मोठा ठेवला की हात मोकळा राहतो. होतं उलटंच: मोठ्या मुंढ्याचा गाऊन घालून हात वर केला की सगळी चोळी वर चढते, आणि त्या नाचांत हात सारखे वर करावे लागतात. बाहीच्या चुण्या मागच्या बाजूला घ्यायला सांग. आधी मांजरपाटात कच्चं शिवून घे आणि आरशासमोर हात वर-खाली करून बघ. मांजरपाट फाडायला जिवावर येत नाही, हा त्याचा मोठा गुण.

कापड पांढरी मलमल, शंका नको. चव्वेचाळीस इंची पन्ह्याची पाच-सहा मीटर घे, आणि कापायच्या आधी भिजवून वाळव. चोळीला कॅम्ब्रिकचं, म्हणजे बारीक विणीच्या सुती कापडाचं अस्तर. त्या काळी तिकडच्या बायका आपल्याकडच्या मलमलीवर जीव टाकत. भारतात विणलेल्या मलमलीचे गाऊन लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. चांदीच्या चपट्या तारेचं, म्हणजे बादल्याचं काम केलेली मलमल मिळाली तर सोडू नकोस. सॅटिन आणि नायलॉनची जाळी दुकानदार आग्रहाने दाखवेल, ती त्यालाच ठेवू दे.

चेन नाहीच. गळ्यात आणि छातीखाली बारीक नाडी ओवून पाठीवर बांधायची, फार तर हूक लाव. मशीन घरोघरी पोचलं १८५० नंतर. पण आतल्या लांब शिवणी मशीनवर मारल्यास कुणी उलटून बघणार नाही. गळा, बाहीची कड आणि खालची दुमड तेवढी हाताने कर.

रंकाळ्याकाठचा

आयला, लई डोकं हाय की ह्यात! माझा शब्द मागं. बरं, मलमल पेठेत फिरत बसण्यापेक्षा गांधीनगरात बघा, भाव बरा पडतोय. आणि पायात कोल्हापुरी चालंल का?

जुनी शिवणकरीण, मंगळवार पेठ

नाही चालणार. पण टाच सपाट हवी हे बरोबर, तेव्हा टाचेच्या चपला मागे पडल्या होत्या. साध्या कापडी बेली घ्या.

शिवणवेडी, राजारामपुरी

काकू, किती निगुतीने लिहिलंत! मांजरपाट उद्याच आणते. आता दागिन्यांचं सांगा. सासूबाई म्हणतात, कोल्हापूरची सून आहेस, साज घालून जा.

जुनी शिवणकरीण, मंगळवार पेठ

सासूबाईंना सांग, साज दिवाळीला. गुजरीत, सराफांकडे, पोवळ्यांची साधी माळ बघ, त्या काळी तिकडे पोवळ्यांची मोठी हौस होती. नाहीतर मोत्यांचा एक सर. घरात जुनी काश्मिरी शाल असेल तर तीही घे, कोपरावरून सोडायची. पांढरे हातमोजे कोपराच्या वर जाणारे लागतात. ते जावेला तिकडेच घ्यायला सांग. इथे मिळतील ते स्कूटरवर घालायचे.