बास्केटबॉलमधला सर्वांत मोठा खेळाडू कोण? माझ्या यादीत पहिला बिल रसेल

रिबाउंडर:
रविवारी प्रॅक्टिस संपल्यावर ग्राउंडच्या कट्ट्यावर नेहमीचा वाद पेटला. जॉर्डन की लेब्रॉन? तासभर घसे कोरडे झाले, पण तिसरं नाव कुणी घेतलं नाही. मी रसेलचं नाव काढलं तर एका पोराने विचारलं, "हा कोण?" ते मनाला लागलं, म्हणून लिहायला बसलो.

माझी क्रमवारी: १. बिल रसेल, २. मायकेल जॉर्डन, ३. करीम अब्दुल-जब्बार, ४. लेब्रॉन जेम्स, ५. मॅजिक जॉन्सन.

रसेल अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये बोस्टन सेल्टिक्सकडून १३ हंगाम खेळला आणि ११ विजेतेपदं घेऊन गेला. त्यातली शेवटची दोन, १९६८ आणि १९६९ची, खेळता खेळता संघाचा कोच म्हणून. तो येण्याआधी सेल्टिक्सकडे एकही विजेतेपद नव्हतं. सात सामन्यांच्या मालिकेतल्या सातव्या, निर्णायक सामन्यात तो दहा वेळा उतरला आणि दहाही जिंकला.

आता खरा मुद्दा. ब्लॉक मारला, म्हणजे समोरच्याने रिंगकडे टाकलेला बॉल हवेत अडवला, की बहुतेक जण बॉल प्रेक्षकांत भिरकावतात. टाळ्या पडतात, पण बॉल परत समोरच्या टीमलाच मिळतो. रसेल तसं करत नसे. तो डाव्या हाताने बॉलला नुसतं टपली मारल्यासारखं वर ढकलायचा, बॉल कोर्टातच राहायचा आणि आपल्या माणसाच्या हातात पडायचा. तो माणूस तोवर पळत सुटलेला असायचा. एका हालचालीत समोरच्याचे दोन पॉइंट गेले आणि आपले दोन आले. आणि हे सगळं स्कोअरशीटवर कुठे आहे? कुठेच नाही. ब्लॉकची अधिकृत नोंद १९७३-७४ पासून सुरू झाली, रसेल १९६९ला निवृत्त झाला. ज्या कामात त्याच्या जवळपास कुणी नव्हतं, त्याचा रकानाच कोरा आहे. आकड्यांवरून यादी करणारे त्याला खाली ढकलतात ते यामुळे.

तेवीस_नंबर:
रसेलबद्दल आदर आहे, पण पहिला नंबर मान्य नाही. १९५७ला लीगमध्ये टीम होत्या आठ. त्या काळात दोन मालिका जिंकल्या की विजेतेपद. जॉर्डनला दर वर्षी चार मालिका काढाव्या लागल्या. रसेलची सरासरी १५ पॉइंट, शंभर फेकींत ४४ रिंगमध्ये. जॉर्डन: सरासरी ३०च्या वर, दहा वेळा लीगमध्ये सर्वाधिक पॉइंट, सहा फायनल, सहा विजेतेपदं, सहाही वेळा फायनलचा सर्वोत्तम खेळाडू. आणि फक्त पॉइंट काढणारा म्हणाल तर १९८८ला मोस्ट व्हॅल्युएबल (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) आणि सर्वोत्तम डिफेन्डर हे दोन्ही किताब एकाच हंगामात.

१४ जून १९९८, फायनलमध्ये युटाविरुद्ध सहावा सामना. जॉर्डनचा साथीदार पिपेनची पाठ गेलेली. शेवटच्या मिनिटात जॉर्डनची टीम शिकागो तीन पॉइंटने मागे. जॉर्डनने लेअप घातला, म्हणजे रिंगपाशी जाऊन बॉल आत टाकला. मग दुसऱ्या टोकाला युटाच्या कार्ल मलोनच्या हातातून मागून येऊन बॉल काढला, स्वतः पुढे नेला, थांबला, उडी घेतली. घड्याळात ५.२ सेकंद उरले होते. ८७-८६. टीमच्या ८७ पैकी ४५ त्याचे. भारतात तेव्हा सोमवारची सकाळ होती, मी दहावीत होतो आणि शाळेची पहिली बेल चुकवली होती. त्या एका मिनिटात डिफेन्स आणि ऑफेन्स दोन्ही आहे. याहून मोठं काय असतं, सांगा.

पहाटे_साडेपाच:
तेवीस_नंबर भाऊ, "सहापैकी सहा" हा हिशेब मला कधीच पटला नाही. जॉर्डन १९८५, ८६, ८७ला पहिल्याच फेरीत बाहेर पडला. नंतर तीन वर्षं डेट्रॉईटच्या टीमने अडवलं. तिथे हरला म्हणून फायनलचा आकडा स्वच्छ राहिला. लेब्रॉन दहा वेळा फायनलला पोचला, त्यातल्या आठ सलग. चार जिंकला. पहिल्या फेरीत हरणं फायनलमध्ये हरण्यापेक्षा चांगलं कसं?

२०१६ आठवा. गोल्डन स्टेट ७३ सामने जिंकून आलेली, मालिकेत ३-१ने पुढे. तिथून उठून लेब्रॉनचं क्लीव्हलंड जिंकलं. त्या फायनलमध्ये दोन्ही टीम मिळून पॉइंट, रिबाउंड (हुकलेला बॉल पकडणं), असिस्ट (पॉइंट मिळवून देणारा पास), स्टील (बॉल हिसकावणं), ब्लॉक या पाचही गोष्टींत पहिला एकटा लेब्रॉन. सातव्या सामन्यात ८९-८९ बरोबरी, दोन मिनिटंही उरली नव्हती, गोल्डन स्टेटच्या इगुडालाला मोकळा लेअप होता. लेब्रॉन मागून पूर्ण कोर्ट पळत आला आणि बॉल बोर्डावर दाबला. घरात सगळे झोपलेले, मी टीव्हीचा आवाज बंद करून बघत होतो. तरी ओरडलोच, आई दचकून उठली.

रिबाउंडर:
तेवीस_नंबर, आठ टीम हा मुद्दा उलटा करून बघा. आज तीस टीम आहेत म्हणून चांगले सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारे उंच खेळाडू, तीस ठिकाणी विखुरलेत. तेव्हा आठच, म्हणजे हंगामात पुन्हा पुन्हा समोर विल्ट चेंबरलेन. ज्याने २ मार्च १९६२ला एका सामन्यात १०० पॉइंट केले, ज्याची त्या हंगामाची सरासरी ५० होती, तो विल्ट. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, दोघांची आठ वेळा गाठ पडली, सात मालिका रसेलच्या टीमने जिंकल्या.

अजून एक. १९९३ला जॉर्डन निवृत्त झाला आणि मग बेसबॉलकडे वळला, त्याच्याशिवाय शिकागोने पुढच्या हंगामात ५५ सामने जिंकले. रसेल निवृत्त झाल्यावर सेल्टिक्स ३४ विजयांवर आले आणि प्लेऑफलाही पोचले नाहीत. कोणाशिवाय घर जास्त रिकामं झालं?

तेवीस_नंबर:
हे अर्धं सांगितलंत. १९६९ला सेल्टिक्सचा सॅम जोन्सही निवृत्त झाला. दहा विजेतेपदं घेतलेला, टीमचा हक्काचा स्कोअरर. दोन खांब एकाच वर्षी गेले आणि तुम्ही सगळा भार एकाच्या नावावर लिहिता. शिवाय विल्टविरुद्ध टीम जिंकली. समोरासमोर पॉइंट विल्टचेच जास्त असायचे.

मेधा, बोस्टन:
मी इथे बारा वर्षं आहे. सिटी हॉलच्या आवारात रसेलचा पुतळा आहे, पास द्यायच्या पवित्र्यात. लक्षात घ्या, ब्लॉकच्या नाही, डंकच्या नाही, पासच्या. ऑफिसला जाताना रोज दिसतो.

तुम्ही सगळे कोर्टातलंच बोलताय. ज्या शहराला त्याने ११ विजेतेपदं दिली, त्याच्याच परिसरात त्याचं घर फोडून भिंतींवर वर्णद्वेषी शिव्या लिहिल्या गेल्या. १९६१ला केंटकीत लेक्सिंग्टनला हॉटेलात काळ्या खेळाडूंना खायला देईनात, तेव्हा तो आणि त्याचे सहकारी सामना न खेळता निघून गेले. १९६६ला तो लीगचा पहिला काळा मुख्य कोच झाला. हे सगळं डोक्यावर घेऊन रात्री कोर्टात उतरायचं आणि जिंकायचं, हा खेळाचाच भाग आहे. माझ्यासाठी पहिला तोच, आणि दुसरा खूप लांब.

पहाटे_साडेपाच:
मेधाताई, माणूस म्हणून तो मोठाच होता, त्याबद्दल कुणाचं दुमत नसावं. पण प्रश्न खेळाडूचा आहे. धैर्य मोजायला घेतलं तर कुठल्याच दोन माणसांची तुलना करता येणार नाही.

सातारा_कोच:
मी मुलींच्या टीमला शिकवते, म्हणून वेगळं नाव घेते: स्टेफ करी. विजेतेपदं मोजत नाही. दहा वर्षांपूर्वी नवी मुलगी आली की रिंगच्या खाली जाऊन बॉल टाकायची. आता पहिल्या दिवशी येते ती सरळ तीन पॉइंटच्या रेषेबाहेर उभी राहते. हात पोचत नाहीत, बॉल रिंगलाही लागत नाही, तरी तिथूनच. मी ओरडून ओरडून आत आणते. करीने २०१५-१६ला एका हंगामात ४०२ थ्री मारले. आधीचा विक्रम २८६, तोही त्याचाच. जॉर्डनसारखं खेळणं कुणाला जमलं नाही, करीसारखं खेळायचा प्रयत्न मात्र साताऱ्यातली बारा वर्षांची मुलगी करते. खेळ ज्याने बदलला तो पाचात हवाच, आणि ही यादी करणाऱ्यांनी त्याचं नावही घेतलेलं नाही.

रिबाउंडर:
कोच मॅडम, मान्य. मॅजिकच्या जागी करीला घेताना हात थरथरतो, कारण १९८०च्या फायनलमधला लेकर्सचा सहावा सामना डोळ्यांपुढे येतो. लेकर्सचा सेंटर करीम जखमी, आणि वीस वर्षांच्या पहिल्याच हंगामातल्या मॅजिकने त्याच्या जागी उभं राहून ४२ पॉइंट, १५ रिबाउंड केले. तरी सहावा करी, हे नक्की.

सॅम जोन्सचा मुद्दाही बरोबर, मी तो लिहायला हवा होता. पण रसेल हलत नाही. २०१६चं वाचून एक बदल मात्र करतो: लेब्रॉन तिसरा, करीम चौथा.

स्कायहूक:
अहो, मी इतका वेळ गप्प होतो, पण हे नाही चालणार. करीमला खाली कशासाठी? सहा विजेतेपदं, सहा वेळा मोस्ट व्हॅल्युएबल, इतके कुणाकडेच नाहीत. १९८५च्या फायनलचा पहिला सामना लेकर्स ३४ पॉइंटने हरले. करीम ३८ वर्षांचा, सगळे म्हणाले म्हातारा झाला. दुसऱ्या सामन्यात ३० पॉइंट, १७ रिबाउंड, ८ असिस्ट, आणि ती मालिका बोस्टनमध्ये जाऊन जिंकली. फायनलचा सर्वोत्तम खेळाडू तो १९७१ला होता आणि १९८५लाही तोच. मध्ये चौदा वर्षं. त्याला परत तिसऱ्यावर आणा, मग पुढचं बोलू.