शेत विकून चाकणला जाण्याआधी

पारोळ्याकडील कोरडवाहू शेत विकून चाकणला स्थायिक व्हावे का, या आपल्या प्रश्नावर आतापर्यंत पगाराचीच चर्चा झाली, म्हणून जमिनीविषयी थोडे लिहितो. १९४८ च्या कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. त्यामुळे सगळी जमीन विकून गेलेल्या माणसाने पुढे गावी परतून दोन एकर घ्यायचे ठरवले, तरी शेतकरी असल्याचा सातबारा आणायचा कुठून, हा प्रश्न उभा राहतो. (अशा वेळी भाऊबंद किती धावून येतात, हे खान्देशात कोणी सांगायला नको.) निदान जमिनीचा एक गट नावावर राखून तो बटाईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, कसायला द्यावा, असे माझे मत आहे.

दुसरे, चाकणच का? अमळनेरहून थेट रेल्वेने गाठता येणाऱ्या सुरतेत, उधना-लिंबायत भागात, आपली अहिराणी बोलणारी मोठी वस्ती आहे आणि खोली, उधारी, पहिले काम तिथे नात्यातून जमते. मात्र आपल्याकडे आयटीआयचे फिटरचे प्रमाणपत्र असल्याने वाहन उद्योगाचे चाकण सरस ठरेल, हे मान्य. फक्त नेमणूक कंपनीची आहे की कंत्राटदाराची, हे कागद पाहून ठरवावे, आणि कापसाची वेचणी आटोपेपर्यंत कुटुंबाला हलवू नये.