टूटूंनी त्या खबऱ्याला वाचवलं ते बरोबर होतं का?

कटिंगचहा:
जुलै १९८५, गोऱ्यांच्या वर्णभेदी राजवटीतली दक्षिण आफ्रिका, जोहान्सबर्गच्या पूर्वेला दुदुझा नावाची काळ्यांची वस्ती. आंदोलनातल्या पोरांना माती द्यायला लोक जमलेले, डोकी तापलेली, त्यात एकजण पोलिसांचा खबऱ्या आहे असा संशय आला, झालं, जमावाने त्याला बडवला, गाडी पेटवली आणि आता ह्यालाही आगीत टाका म्हणून ओढायला लागले. बिशप डेस्मंड टूटू, बुटका माणूस, अंगात लांब झगा, सरळ गर्दीत घुसले आणि दुसऱ्या एका बिशपच्या मदतीने त्याला बाहेर काढला. माझ्या मते गोऱ्या पोलिसांसमोर उभं राहण्यापेक्षा हे अवघड. तुम्हाला काय वाटतं?

तिरकस:
भाबडेपणा आहे. १९६० ला शार्पव्हिलमध्ये लोक काळ्यांना कायम पास बाळगायला लावणाऱ्या कायद्याविरुद्ध नुसते जमले होते, पोलिसांनी ६९ मारले, कित्येकांना पाठीत गोळ्या. त्यानंतरच मंडेलांनी सशस्त्र गट काढला ना? झगा घालून उपदेश करणं सोपंय.

कटिंगचहा:
पेटत्या गाडीपाशी जाऊन कसला उपदेश रे?

आज्जीचीगोधडी:
शार्पव्हिल मान्य. पण टूटू म्हणजे दुसरा गाल पुढे करणारा पाद्री असं वाटत असेल तर चुकतोयस, हा माणूस जगभर सांगत फिरला की आमच्या सरकारवर आर्थिक बहिष्कार टाका. १९८६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष रेगनचा नकाराधिकार धुडकावून निर्बंधांचा कायदा केलाच.

तिरकस:
आणि निर्बंधांची पहिली कुऱ्हाड कुणावर? काळ्या मजुरांवरच ना?

आज्जीचीगोधडी:
हेच ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाई म्हणायच्या :) तू त्यांच्या पार्टीत कधीपासून?

तिरकस:
ओ, त्या मंडेलांच्या पक्षाला दहशतवादी म्हणायच्या, मला तिकडे ढकलू नका.

नुसतावाचक:
पुढचं कुणी लिहिलंच नाही. त्याच महिन्यात, त्याच दुदुझात, एका तरुण बाईला खबरी समजून जमावाने कॅमेऱ्यासमोर जाळून मारलं, तेव्हा टूटू तिथे नव्हते. असंच चालणार असेल तर मी देश सोडून जातो, म्हणाले ते. मग वर्णभेद संपल्यावर त्या काळातले अत्याचार तपासणाऱ्या, टूटूंच्याच अध्यक्षतेखालच्या सत्य आयोगापुढे आलं की ती खबरी नव्हतीच, पोरांना फसवे हातबॉम्ब देऊन मारणारा पोलिसांचा हस्तक वेगळाच होता.

तिरकस:
हे माहीत नव्हतं. बाप रे. पण शार्पव्हिलनंतर बंदूक उचलणाऱ्यांना मी तरी चूक म्हणणार नाही, आणि ती का उचलली हे टूटूंनाही कळत होतंच की.