मदत हवी आहे: लेकर एअरवेज नक्की कशाने बुडाली?

नमस्कार मंडळी,

टीवायबीकॉमला परकीय चलनातलं कर्ज शिकवते. दरवर्षी एखाद्या बुडालेल्या कंपनीचं उदाहरण घेते. किंगफिशर घेतली की चर्चा दहा मिनिटांत कॅलेंडरवर घसरते, म्हणून यंदा मुलांनी नावही ऐकलेलं नसेल अशी लेकर एअरवेज घ्यायचं ठरवलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही ब्रिटनमधली विमान कंपनी. मालक फ्रेडी लेकर मुळात चार्टरवाला (म्हणजे अख्खं विमान एखाद्या गटाला भाड्याने देणारा), कंपनी १९६६ची. त्या काळी अटलांटिकपारची भाडी कंपन्या आणि सरकारं मिळून ठरवत. स्वस्त चार्टर तिकीट हवं तर प्रवासी किमान सहा महिने कुठल्या तरी क्लबचा सभासद असावा लागे, आणि तो क्लब निव्वळ प्रवासासाठी काढलेला नसावा असाही नियम. मग काय, कागदोपत्री क्लबांचं पेवच फुटलं. 'लेफ्ट हँड क्लब' नावाचा एक होता! अधिकारी विमानतळावर येऊन सभासदांची उलटतपासणी घेत. या कटकटीतूनच लेकरची 'स्कायट्रेन' निघाली: आगाऊ बुकिंग नाही, त्याच दिवशी रांगेत उभं राहून तिकीट काढा, जेवण हवं तर वेगळे पैसे द्या.

अर्ज १९७१चा. १९७२ला परवाना मिळाला, १९७५ला ब्रिटिश सरकारने शब्द फिरवला, लेकर कोर्टात गेला आणि जिंकला. २६ सप्टेंबर १९७७ला लंडनच्या गॅटविक विमानतळावरून न्यूयॉर्कला पहिलं विमान उडालं. एकेरी भाडं ५९ पौंड. पुढच्या वर्षी स्वारी 'सर' झाली. आणि ५ फेब्रुवारी १९८२ला सगळं ठप्प, डोक्यावर सुमारे २७ कोटी पौंडांचं देणं. कंपनी वाचावी म्हणून सामान्य लोक पदरचे पैसे पाठवत होते, इतका माणूस लोकप्रिय!

आता माझी अडचण. कारणं सगळीकडे एका दमात सांगतात: १९७९च्या शिकागो अपघातानंतर जमिनीवर बसवलेली लेकरची डीसी-१० विमानं, तेलाचे भाव, घसरलेला पौंड, पॅन अ‍ॅम या बड्या अमेरिकी विमान कंपनीने कापलेली भाडी. पाच मुद्दे लिहा, पाच मार्क घ्या! मला त्यांची उतरंड हवी आहे. यातलं एक काढलं तर कंपनी तरली असती, असं कुठल्या कारणाबद्दल म्हणता येईल? आणि 'मोठ्या कंपन्यांनी संगनमत करून मारलं' हे वर्गात कितपत ठामपणे सांगू?

---

मुदतठेव:

ताई, मी ट्रेझरीत काम करतो, त्यामुळे माझं मत एकतर्फी समजा. माझ्या मते डॉलरचं कर्ज पहिलं, बाकी सगळं नंतर.

फळ्यावर एवढंच मांडा. १९८०च्या अखेरीला एका पौंडाला साधारण २.४० डॉलर मिळत. कंपनी बुडाली तेव्हा १.८५च्या आसपास. म्हणजे १० कोटी डॉलरचं कर्ज आधी ४.१७ कोटी पौंडांचं होतं, ते ५.४१ कोटींचं झालं. एकही जादा विमान न घेता बोजा ३० टक्क्यांनी वाढला. विमानांची कर्जं डॉलरमध्ये, इंधन डॉलरमध्ये, तिकिटांचा गल्ला मात्र बराचसा पौंडांत.

मुलांच्या नजरेतून सुटेल ती गोष्ट पुढची आहे. पौंड दणकट होता तेव्हा इंग्रज कुटुंबं फ्लोरिडाला धावत होती, कारण तिथली हॉटेलं त्यांना स्वस्त पडत. पौंड घसरला आणि तीच सहल महागली. ज्या महिन्यांत हप्ता फुगला त्याच महिन्यांत गिऱ्हाईक आटलं. नुसता विनिमय दराचा तोटा एखादी कंपनी सोसते. इथे जमा आणि नावे, दोन्ही बाजू एकाच कारणाने बिघडल्या. फॉरवर्ड कव्हर (म्हणजे पुढच्या तारखेचा डॉलरचा दर आजच बांधून घेणं) घेतलं असतं तरी फक्त हप्ते सांभाळले गेले असते, रिकाम्या सीटा नाहीत.

---

वकीलपत्र:

संगनमताबद्दल जपून बोला, पण उडवूनही लावू नका. लिक्विडेटरने (बुडालेल्या कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवायला नेमलेला अधिकारी) १९८२च्या अखेरीस वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला. प्रतिवादी कोण, तर ब्रिटिश एअरवेज, पॅन अ‍ॅम, टीडब्ल्यूए, लुफ्तान्सा अशी बडी मंडळी, शिवाय डीसी-१० बनवणारी मॅकडॉनेल डग्लससुद्धा. आरोप दोन: लेकरला पाडण्यासाठी ठरवून भाडी उतरवली, आणि लेकरला सावरण्याच्या प्रयत्नातून मॅकडॉनेल डग्लसने अंग काढून घ्यावं म्हणून तिच्यावर दबाव आणला.

१९८५मध्ये प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. घेणेकऱ्यांसाठी ४ कोटी ८० लाख डॉलर, खुद्द लेकरला ८० लाख. ब्रिटिश एअरवेजचं खासगीकरण व्हायचं होतं आणि असा दावा डोक्यावर घेऊन शेअर विकणं अवघड होतं, म्हणून मिटवायची घाई होती. ते शेअर १९८७मध्ये विकले गेले. तेव्हा 'आरोप झाले, पैसे देऊन मिटले, निकाल लागला नाही' असं तीन तुकड्यांत सांगा. तडजोड म्हणजे कबुली नव्हे, हे बीकॉमवाल्यांनाही कळलेलं बरं.

---

हॅरोकर:

मुदतठेव यांच्याशी अर्धा सहमत. पण भाडेकपात १९८१मध्ये अचानक झाली असं चित्र नको. १९७७च्या शरदातच मोठ्या कंपन्यांनी लेकरला तोंड द्यायला स्वस्त स्टँडबाय तिकिटं (आयत्या वेळी जागा उरली तर मिळणारी) काढली होती. म्हणजे पहिल्याच मोसमात फक्त स्वस्ताईवर चालणारी आघाडी कमी झाली. पुढे लेकरनेही रांग सोडून बुकिंग घ्यायला सुरुवात केली आणि १९८१मध्ये वरच्या दर्जाची 'रीजन्सी' सेवा काढली. ज्या साधेपणावर नाव कमावलं तोच सोडला तर तुम्ही दुसरी पॅन अ‍ॅम होता, फक्त तिच्याइतके पैसे नसलेली.

आणि त्यात भर म्हणून दहा एअरबस ए-३०० विमानांची ऑर्डर! ती काही अटलांटिक ओलांडायला नव्हती, युरोपात स्कायट्रेन चालवायला होती. तिथले परवाने हातात नव्हते. त्यातली तीनच विमानं आली, पण कर्ज तर चढलंच. माझ्या लेखी खरी घोडचूक ही. पौंड कोणाच्या हातात नव्हता, ऑर्डर होती.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. हॅरोकर, एअरबसचा मुद्दा माझ्या टिपणात शेवटच्या ओळीत होता, तो आता वर घेते. डीसी-१०चं ग्राउंडिंग मात्र खाली जाईल. ऐन मोसमात फटका बसला हे खरं, पण त्यानंतर कंपनी अडीच वर्षं चालली आणि बँकांनी नवी कर्जंही दिली.

आता अडलंय ते एवढंच: शेवट आधीच सांगितला की मुलं 'लेकर मूर्खच होता' म्हणून मोकळी होतात. हे कसं टाळू?

---

मुदतठेव:

शेवट सांगूच नका. जानेवारी १९८१ची तारीख टाका. पौंड २.४०, विमानं भरून जाताहेत, मालक 'सर', वर्तमानपत्रं प्रेमात. मुलांना बँकेच्या खुर्चीत बसवा आणि कर्जाच्या कागदावर सही करणार का विचारा. हात वर करायला लावा, नावं फळ्यावर लिहून ठेवा. फेब्रुवारी १९८२ पुढच्या तासाला.

---

धागाकर्ती:

वा! नावं मात्र पुसायची नाहीत म्हणून शिपाईकाकांना सांगून ठेवावं लागेल. वर्गात काय झालं ते इथेच लिहीन.