प्रतींचा घोळ

प्रश्न असा: अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपात पाण्याचा ताण सोसणारं जनुक सापडलं, तर त्याच कुळातल्या रेपसीड या तेलबियांच्या पिकात ते बदलून का भागत नाही? अडचण प्रतींची आहे. रेपसीड म्हणजे सलगम आणि कोबी यांच्या जातींचा नैसर्गिक संकर: गुणसूत्रांच्या १० अधिक ९, अशा १९ जोड्या. २०१४ मध्ये त्याचा जिनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय आराखडा, प्रसिद्ध झाला, तेव्हा लाखभर जनुकं निघाली! एकाच जनुकाच्या बऱ्याचदा अनेक प्रती असतात. क्रिस्परने, म्हणजे जनुकात नेमका बदल करायच्या तंत्राने, एक बंद पाडली तरी बाकीच्या काम निभावतात, रोप जसंच्या तसं. बरं, सगळ्याच बंद केल्या तर? शेंगा तडकवणाऱ्या जनुकाचं घ्या. ते पुरतं बंद केलं की शेंग इतकी घट्ट बसते की मळणीच अवघड. म्हणून नेमक्या किती प्रती मारायच्या, यावरच बरंचसं डोकं खपतं. आणि पाण्याच्या ताणाबाबत, कुंडीतल्या रोपाचं पाणी तोडून काढलेले निकाल मी तरी जपूनच घेतो. शेतात त्या ताणाचा खरा फटका फुलोऱ्यात बसतो.