सातव्या महिन्यात फ्लूचं इंजेक्शन: डॉक्टर म्हणतात "तुमची इच्छा", घरचे म्हणतात नको

बेसा_रोडची_सून
ताईंनो, मला २७ वा आठवडा सुरू आहे, पहिलीच वेळ. मागच्या व्हिजिटला मॅडमनी टीडीचा, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचा, दुसरा डोस दिला आणि फाइल बंद करता करता म्हणाल्या, फ्लूचं पण घेऊ शकता, तुमची इच्छा असेल तर. बस इतकंच. बाहेर एवढी गर्दी होती की मीही पुढे काही विचारलं नाही. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणतात आमच्या वेळी दोन सुया व्हायच्या अन् तीन पोरं धडधाकट झाली, हे नवीन काऊन काढलं. जाऊबाईंच्या ऑफिसातली एकजण म्हणे घेऊन दोन दिवस तापली होती. नवरा म्हणतो डॉक्टर ठासून सांगत नाही म्हणजे जरूरी नसेल. औषधाच्या दुकानात १८०० रुपये सांगितले, मागवावं लागेल म्हणाला आणि टोचणारा तुम्हीच पाहा. गल्लीतल्या डॉक्टरांनी तर गरोदर म्हटल्याबरोबर हात वर केले. इकडे नवरा रोज कंपनीच्या बसनं हिंगण्याला जातो, अर्धी बस खोकून राहिली आहे. नागपुरात कोणी घेतलंय का?

दोन_पोरींची_माय
घे गं. मला कोणी सुचवलंच नव्हतं आणि आठव्या महिन्यात फ्लू झाला. आडवं झालं की दम लागायचा म्हणून रात्रभर उशा रचून बसून राहायची, प्रत्येक खोकल्यासोबत पोट दगडासारखं कडक व्हायचं आणि मला वाटायचं आता कळा सुरू होतात की काय. बोटाच्या चिमट्यावर ऑक्सिजन ९० दिसलं तेव्हा यांचा चेहरा पाह्यला मी, तो अजून डोळ्यासमोर आहे. चार दिवस ऑक्सिजनवर होते. पोरगी बरी निघाली, देवाची कृपा. तुझ्या जाऊबाई सांगतात तो लसीचा ताप दोन दिवसांचा, मला फ्लूनं पाच दिवस १०३ होता.

लसघरातली_ताई
मी बरीच वर्षं लसीकरणाचं काम करते. घरच्यांना हे नवीन वाटतं कारण टीडी सरकारी वेळापत्रकात आहे, फ्लूची लस त्यात नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१२ मध्येच गरोदर बायकांना या लसीसाठी सगळ्यात आधी ठेवलं, कोणत्याही महिन्यात चालते म्हणून. आपल्याकडे फॉग्सी, म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना, २६ व्या आठवड्यापासून घ्या म्हणते. तू बरोबर वेळेवर विचारलंस. २०१५ ला विदर्भात स्वाइन फ्लू पसरला होता ते आठवत असेल, त्याच वर्षी राज्य सरकारनं गरोदर बायकांना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली. साठा कायम असतोच असं नाही, पण १८०० भरायच्या आधी डागा, मेयो किंवा मेडिकल या सरकारी दवाखान्यांच्या गरोदर मातांच्या ओपीडीत एकदा विचारून ये.

इंजेक्शनमधला विषाणू मेलेला असतो, त्यानं फ्लू होत नाही. नाकात मारायची लस मात्र जिवंत विषाणूची असते, ती गरोदरपणात घ्यायची नाही. दंड दुखेल, अंग कसकसेल, दिवस-दोन दिवस. आणि सासूबाईंना हे नक्की सांग की बाळाला सहा महिन्यांपर्यंत फ्लूची लस देताच येत नाही, तोवर त्याला जे संरक्षण मिळतं ते तुझ्याच रक्तातून नाळेवाटे.

दुकानातून घेऊन पर्समध्ये टाकून नेऊ नकोस. २ ते ८ डिग्रीत राहावी लागते, बर्फाला चिकटून गोठली तरी वाया. मॅडमच्याच दवाखान्यातून मागव.

खरं सांगू, सासवांपेक्षा त्या "तुमची इच्छा"नं जास्त बायका थांबतात. आम्ही घाईत बोलून जातो, समोरची ते "गरज नाही" असं ऐकते, मग घरातला प्रत्येक जण आपली भीती त्यात भरतो. फोन करून सरळ विचार, मॅडम, तुमची मुलगी असती तर दिलं असतं का? हो म्हणाल्या तर फाइलवर लिहून माग.

त्रिमूर्तीनगरचा_बाबा
आमच्या मिसेसनी नाही घेतलं, काही झालं नाही. घेऊनही फ्लू होतोच ना? सोनोग्राफ्या, टेस्ट, गोळ्या यातच पगार जातो भाऊ.

लसघरातली_ताई
होऊ शकतो दादा, पण दवाखान्यात भरती व्हायची वेळ कमी येते. विषाणू बदलत राहतो, म्हणून दरवर्षी नवीन लस घ्यावी लागते. पैशाचं म्हणाल तर खरंच आहे, त्यासाठीच आधी सरकारीत विचारा म्हटलं.

बेसा_रोडची_सून
फोन केला. मॅडम म्हणाल्या, अगं मुलीला तर दिलंच असतं, आणि फाइलवर लिहून देते म्हणाल्या. नवरा तयार झाला. सासूबाई आता नको म्हणत नाहीत, पण म्हणतात पुढच्या महिन्यात डोहाळजेवण होऊन जाऊ दे, मग घे. तेवढं थांबलं तर चालेल का?

लसघरातली_ताई
थांबू नकोस. लस अंगी लागायला दोन आठवडे जातात, आणि डोहाळजेवणाला पन्नास बायका येऊन तुझी ओटी भरणार, त्यातल्या दोघी-तिघी खोकत असतील. या आठवड्यातच घे. ताप असेल तर मात्र उतरल्यावर, आणि आधी कुठल्या लसीची जबर ॲलर्जी झाली असेल तर मॅडमना आधी सांग.